पाहुणे, पाय धुवा

प्रिय डोमाजी,

मी तुम्हाला पत्र लिहीन असं तुम्हाला वाटलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्हीच नाही. पण आज दुपारी भागरथाबाई तुमचा पितळी लोटा घेऊन निवाऱ्याच्या ऑफिसात आली, तो माझ्या टेबलावर ठाणकन ठेवला आणि म्हणाली, "बाबूजी, तुमीच लिवलं होतं, आता तुमीच दुरुस्त करा." मी दुरुस्ती केली. ज्याच्या नावाची दुरुस्ती झाली त्याला कळवण्याची पद्धत आहे, म्हणून कळवतो आहे.

'प्रिय' लिहिलं त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला 'ओ चिखला' म्हणून हाक मारत असे. रजिस्टरमध्ये नावापुढे गाव असतं, ते चटकन जिभेवर येई. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. काहून केली नाहीत हो?

तुम्ही आलात ते पावसाळ्यात, आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी. एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि हा लोटा. सारा जन्म चिखल्याच्या खाणीत गेलेला. नोकरी संपली, क्वार्टर परत केलं, बायको त्याआधीच वारलेली, मूलबाळ नाही. मी विचारलं, मूळ गाव? तुम्ही हसून म्हणालात, "बाबूजी, बाप बी खानीतच होता. कोनतं मूळ सांगू?" मग मी शेवटचा रकाना विचारला. जवळचे हयात नातेवाईक? तुम्ही म्हणालात, "कोनी नाही." मी तसं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, हे तुम्हाला न वाचताही ठाऊक होतं.

आपला निवारा म्हणजे काय होता? एसटी स्टँडच्या मागचं धानाचं जुनं गोदाम. ट्रस्टनं चुना मारला, दोन खिडक्या पाडल्या, पाटी लावली. तरी भिंतींतून कोंड्याचा वास काही गेला नाही. नियम एकच मोठा होता, ज्याला हयात नातेवाईक नाही त्यालाच जागा. तुम्हाला धरून सतरा माणसं. प्रत्येकाची चटई, प्रत्येकाची मागच्या अंगणात तीन विटांची चूल, प्रत्येकाचं तोंड भिंतीकडे. कोणी कोणाला विचारायचं नाही की कुठे चाललास. खरं सांगतो, मला ते बरं वाटे. भांडण नाही, तंटा नाही. रोज सकाळी शहापूरहून सायकल मारत यावं, सतरा डोकी मोजावी, सही करावी. मी त्याला शिस्त समजत होतो!

मग दिवाळी आली. भाऊबीज झाली की आपल्या भागात मंडईचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दुकानं, पाळणे, दंडारीचा खेळ, आणि घराघरात बाहेरगावचे पाहुणे. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा आला नाही त्याला लोक विचारतात, का हो, कोणी नाही का तुम्हाला? त्या आठवड्यात निवाऱ्यातली माणसं जास्तच गप्प व्हायची. झिबल तर जेवतही नसे. तरुणपणी त्यानं दंडारीत बायकांची कामं केलेली, पंचवीस गावांच्या मंडया गाजवलेल्या. आता एक पाय लुळा. स्टँडवरून लोक नवे कपडे घालून मंडईला निघाले की तो खिडकीचं दार लावून घ्यायचा.

तुमची ती पहिलीच मंडई होती निवाऱ्यात. सकाळी तुम्ही लोटा भरून दाराबाहेर उभे राहिलात. झिबलला म्हणालात, "भायेर जा आन पुन्हा अंदर ये." तो चिडला. "कायले?" तुम्ही म्हणालात, "आज चिखल्याची मंडई हाये. माही चटई म्हंजे चिखला. पाहुना भायेरूनच येते ना? का आधीपासून अंदर बसून राहते?"

तो लंगडत बाहेर गेला, मागे वळून तुमच्याकडे संशयानं पाहत. चार पावलांवरून परत आला. तुम्ही वाकलात आणि म्हणालात, "या पाहुणे. कवा निंगाले? पाय धुवा." आणि त्याच्या त्या लुळ्या पायावर पाणी घातलंत.

मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. झिबललाही तसंच वाटलं असावं, पण पाणी पडलं आणि तो रडायला लागला. मी खिडकीतून बाजूला झालो. अशा वेळी काय करायचं ते नियमात नव्हतं.

पुढे त्याची पद्धतच पडली. एकेका दिवशी एकेका चटईची मंडई. चिखला, करडी, मग झिबलचं गाव, मग बाकीच्यांची. पाहुण्यानं बाहेरून यायचं. रिकाम्या हातानं यायचं नाही, सुपारीचं खांड का होईना आणायचं. पाहुणा जेवल्याशिवाय घरवाल्यानं जेवायचं नाही. लाखोळीची डाळ आणि भात, कोणाला मिळालं तर वडे. पाहुण्यानं निघताना एकदा तरी राहून जायचा आग्रह करून घ्यायचा! सतरा माणसं एकाच छपराखाली एकमेकांच्या गावाला जाऊन येत होती. हळूहळू वर्षभर एकमेकांना विचारायला लागली, कुठी जाऊन राहिली, कवा येशीन. चुली सतराच राहिल्या, पेटायच्या मात्र पाच-सहाच.

तुम्ही मला दरवर्षी बोलावलंत. "बाबूजी, तुमी बी या ना. शहापूरची चटई नाही आमच्यात." मी दरवर्षी म्हणालो, शहापूरला माझ्याच घरी पाहुणे असतात, मला सवड नाही. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, डोमाजी. तुमच्या हातचं पाणी पायावर घेतलं तर उद्या डोकी कशी मोजू, असं वाटायचं.

भागरथाबाईचं तुम्हाला काय सांगायचं? करडीकडची, धान रोवण्याच्या कामाला तिच्या हाताला तोड नाही म्हणतात. नवऱ्यानं दुसरी केली, माहेर विझलेलं. जिभेला मात्र धार! तिच्या पहिल्या मंडईला तुम्ही सुपारी घेऊन तिच्या चटईवर गेलात, तेव्हा ती म्हणाली, "करडीले माह्या घरी आजपावतर कोनी आलं नवतं. तुमी आले, तं तुमी भाऊ." तुम्ही म्हणालात, "होय ना मंग." एवढ्यावर झालं. कागद नाही, अंगठा नाही.

चौथ्या मंडईनंतर ट्रस्टचे तपासणीस आले. नवे फॉर्म भरायचे होते. इथे चूक माझी. मी सगळ्यांना व्हरांड्यात ओळीनं बसवलं आणि एकेकाला मोठ्यानं विचारलं, जवळचे हयात नातेवाईक? पहिली भागरथा. बाजूला तुम्ही बसलेले. तीन दिवसांपूर्वी तुम्ही तिच्याकडे पाहुणे म्हणून जेवलेले. जेवून गेलेल्या माणसाच्या तोंडावर 'मला कोणी नाही' असं आपल्याकडे कोण म्हणेल? ती ताठ बसली आणि म्हणाली, "हा माहा भाऊ. डोमाजी." मग झिबल म्हणाला, भागरथा माझी भाची. मग पुढची म्हातारी म्हणाली, झिबल माझा दीर. मागे कोणी हटेना! ज्याला नातं आठवेना त्याला शेजारचा आठवण करून देत होता. तासाभरात सतराच्या सतरा जणांना नातेवाईक निघाले. मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. तपासणीस साहेबांनी खाली सही केली.

तुम्ही तरी मला थांबवायचं होतं! तुम्हाला तर नियम माहीत होता. पण तुम्ही भागरथेकडे पाहत नुसते हसत होता.

महिन्यानं पत्र आलं. ज्यांना हयात नातेवाईक आहेत त्यांना पंधरा दिवसांत नातेवाइकांच्या हवाली करून जागा रिकामी करावी. मी ते पत्र वाचून दाखवलं. भागरथाबाईला तिच्या भावाच्या हवाली. डोमाजीला त्याच्या बहिणीच्या हवाली. आधी कोणाला कळलंच नाही. मग तुम्हाला कळलं आणि तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "मंग बाबूजी, तिची चटई उचलून माह्या चटईजवळ ठेवू का? झाली हवाली!"

मी हसलो नाही. मला हसू येत नव्हतं असं नाही, पण पत्रावर सही साहेबांची होती. मी ट्रस्टला लिहिलं, गैरसमज झाला आहे. उत्तर आलं, तर प्रत्येकाचं नवं लेखी निवेदन पाठवा, अंगठ्यासह, की मला कोणी नाही. पावसानं धान झोपवलेलं, थंडी पडलेली. सतरा माणसं कुठे जाणार होती? स्टँडवर?

तुम्हीच सगळ्यांना समजावलंत. "हा कागद छपराचा हाये, आपला नाही. म्हना का कोनी नाही. कागदावर म्हटलं म्हून का नातं तुटते?" सगळ्यांनी अंगठे दिले. झिबलनं तर अंगठा देताना भागरथेची माफी मागितली. ती एकटी अडून बसली. "मी भाऊ म्हटलं या तोंडानं. त्याच तोंडानं नाही कशी म्हनू? जाईन मी स्टँडवर." मी तिला नियम समजावला. तुम्ही समजावलंत. तिचं एकच, "तुमी मनासाठी भाऊ झाले का छपरासाठी?"

मुदतीला दोन दिवस उरले होते. त्या सकाळी तुम्ही व्हरांड्यात सगळ्यांसमोर उभे राहिलात आणि माझ्याकडे पाहून मोठ्यानं म्हणालात, "बाबूजी, लिवा. मले बहीन नाही. हे बाई कोन होय, मी वळखत नाही."

तिच्या तोंडावरचा रंग मी पाहिला. ती उठली, टेबलाशी आली, शाईत अंगठा बुडवला आणि कोऱ्या कागदावर दाबला. "लिवा मंग. कोनी नाही." मी लिहिलं. छप्पर वाचलं. तुम्ही आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलात, सकाळी दहा वाजता.

तुम्ही हे काहून केलंत ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी तिला सांगू शकत होतो. सांगितलं नाही. माझं काम कागद पाठवण्याचं आहे, माणसांचे रुसवे काढण्याचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. त्या दिवशीचं टपाल मात्र मी वेळेत टाकलं!

पुढची मंडई आली. चिखल्याच्या चटईला पंधरा जण आले, बाहेरून आले, पाय धुवून आले. ती आली नाही. तुम्ही लोटा पुन्हा भरून दारात ठेवलात आणि संध्याकाळपर्यंत कोणाला हात लावू दिला नाहीत. स्वतः जेवलाही नाहीत, कारण पाहुणा जेवला नव्हता. ती दिवसभर अंगणात तूर निवडत बसली होती. त्या लोट्याकडे तिची पाठ होती, पण ती अंगणातून हललीही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी तुम्हाला दवाखान्यात हलवलं. श्वास पुरत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तुमचे कागद द्यायला आलो तर ती तुमच्या खाटेशी उभी. हातात पेजेनं भरलेलं गिंडं. चमच्यानं भरवत होती. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "पाहुणे, कवा आले?" ती म्हणाली, "आत्ताच." तुम्ही म्हणालात, "पाय धुतले का?" ती हो म्हणाली. मी कागद खाटेवर ठेवून बाहेर आलो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

पाच दिवसांनी तुम्ही गेलात. दवाखान्याच्या माणसानं विचारलं, नातेवाईक कोण? ती पुढे झाली. "मी बहीन." त्यानं कागद मागितला आणि माझ्याकडे पाहिलं, कारण फाइल माझ्या काखेत होती. तिनंही माझ्याकडे पाहिलं. डोमाजी, मला ती फाइल उघडायची काय गरज होती? 'आहे बहीण' एवढे दोन शब्द बोललो असतो तर कोण तपासायला येणार होतं? पण मी फाइल उघडली. तुमचा अंगठा, कोणी नाही. तिचा अंगठा, कोणी नाही. माझं सुवाच्य अक्षर. मी जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. तिला बहीण म्हटलं तर तिची जागा जाईल, अशीही एक भीती मनात होती, पण त्या भीतीची ढाल मी आज करणार नाही. मी घाबरलो तो माझ्या नोकरीपायी.

तुमच्या नावापुढे 'बेवारस' लिहिलं गेलं. नगरपालिकेची गाडी आली. त्या गाडीमागे सोळा माणसं चालत होती. गाडीवाला दोनदा मागे वळून बघत होता, की बेवारस माणसामागे एवढे लोक कुठून आले! वैनगंगेच्या काठी त्यांनी तुम्हाला माती दिली. झिबलनं माझ्यापुढे मूठभर माती धरली, तर माझ्या एका हातात सायकल, दुसऱ्या हातात फाइल. सायकल झाडाला टेकवता आली असती. मला त्याची लाज वाटते. एवढं साधं वाक्य लिहायला मला आठ महिने लागले.

तर आज. लोटा टेबलावर ठेवून भागरथाबाईनं विचारलं, "मेलेला भाऊ चालते का तुमच्या कागदाले?" मला आधी कळलं नाही. ती म्हणाली, "जित्ता भाऊ असला तं छप्पर जाते. मेलेला असला तं?" मी नियमाचा कागद काढला. दोनदा वाचला. 'हयात नातेवाईक' असं स्पष्ट लिहिलं आहे. मेलेल्याबद्दल अक्षर नाही! इतकी वर्षं मी तो नियम पाठ म्हणत होतो आणि माझ्या ध्यानात आलं नाही, हिच्या आलं.

मी तिचा फॉर्म काढला. 'कोणी नाही' वर रेघ मारली आणि लिहिलं : भाऊ, डोमाजी, चिखला, मयत. तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग बोट ठेवून विचारलं, यातलं भाऊ कोनतं? मी दाखवलं. तिनं त्या शब्दाखाली अंगठा दिला. रडली नाही. म्हणाली, "खोटं बोलला होता तो व्हरांड्यात. मले समजलं नवतं का? त्याच रोजी समजलं होतं. पन राग आला तं आला."

ऐकलंत ना? मी सांगायची गरजच नव्हती. मधली मंडई मात्र दोघांनी फुकट घालवलीत.

ती बाहेर गेली आणि झिबल आत आला. त्याच्यामागे रांग लागलेली. मी एकेकाला आत बोलावून, दार लावून, हळू आवाजात विचारलं. सोळा फॉर्म झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. तुम्ही आता पाच जणांचे भाऊ आहात, तिघींचे दीर, झिबलचे साडू आणि बाकीच्यांचे काका-मामा. हे एकाच माणसाला कसं जमतं ते ट्रस्टनं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. पण खाली सही माझी आहे. नगरपालिकेच्या वहीतला तो शब्द मला खोडता येत नाही. माझ्या वहीत तो कुठेही नाही.

आता वचन. येत्या रविवारी चिखल्याची मंडई आहे. तुमची चटई त्यांनी उचललेली नाही, भागरथाबाई तिथे घरवाली म्हणून बसणार आहे. मी त्या दिवशी सुट्टी टाकली आहे. त्यामुळे मला ऑफिसच्या दारानं येता येणार नाही. सायकल स्टँडवर ठेवीन, फाइल घरी ठेवीन, हातात सुपारी घेईन आणि बाहेरून येईन. चपला काढून उभा राहीन. ती म्हणेल ते मला ठाऊक आहे, आणि ते म्हटल्यावर मी पाय पुढे करीन.

तुम्ही मला कधी नाव विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही.

तुमचा पाहुणा,
वामन
शहापूर